सरोवरातलं घंटाघर

"म्हातारीला दोन डोकी असतात का हो, आजोबा?"

चिमट्याने हा प्रश्न विचारला आणि गच्चीवरच्या निम्म्या लोकांनी मागे वळून पाहिलं. चिमटा दहा वर्षांचा. खरं नाव वेगळं, पण बोलणं असं चिमटे काढणारं की घरात सगळे त्याला चिमटाच म्हणत.

"हळू बोल की जरा!" त्याची बहीण ठिणगी म्हणाली. ती बारा वर्षांची, आणि हळू बोल असं इतरांना सांगताना तिचा स्वतःचा आवाज नेहमीच सर्वांत मोठा असे.

"मग बघ ना तूच! पाटीवर बाण आहे. बाणाजवळ लिहिलंय 'म्हातारी'. आणि बाणाच्या समोर बघ, दोन टोकांचा डोंगर! एका धडाला दोन डोकी!"

सुट्टी लागून चारच दिवस झाले होते. तिघं मुलं आजोबांबरोबर आत्याकडे आली होती, चहूबाजूंनी डोंगर आणि मधोमध सरोवर असलेल्या या जुन्या शहरात. आत्या इथे पाहुण्यांना शहर दाखवण्याचं काम करायची. आज सकाळी तिचा एक मोठा गट होता, म्हणून मुलं आजोबांना घेऊन सरोवराकाठच्या उंच गच्चीवर आली होती. ही गच्ची जुन्या तटबंदीच्या बुरुजावर होती. कित्येक महिने तिची डागडुजी चालली होती आणि आज सकाळीच ती पुन्हा उघडली होती. गच्चीच्या मधोमध एक दगडी खांब, त्यावर परातीएवढी गोल पितळी पाटी. पाटीवर चारी दिशांना बाण कोरलेले आणि प्रत्येक बाणाजवळ समोरच्या डोंगराचं किंवा इमारतीचं नाव.

"इथे असंही लिहिलंय," पंतोजी पाटीवर वाकून वाचू लागला, "की 'कृपया पाटीवर बसू नये.'" हा त्या दोघांचा चुलतभाऊ. चौदा वर्षांचा, आणि रस्त्यात दिसेल ती अक्षरं मोठ्याने वाचायची खोड असलेला. पंतोजी हे नाव त्याला शोभायचं.

"ते सोड! दोन डोक्यांचं काय?"

आजोबांनी कपाळावर हात धरून समोर पाहिलं. आजोबांनी चाळीस वर्षं बस चालवली होती आणि एकदाही कुणाला रस्ता विचारला नव्हता. पाट्या वाचायच्या आणि गाडी हाकायची. पाटी खोटं बोलत नाही, माणसं बोलतात, असं त्यांचं ठाम मत होतं.

"डोकं एकच आहे," ते म्हणाले. "दुसरा तो अंबाडा."

"एवढा मोठा अंबाडा?"

"जुन्या काळी बायकांचे केस दाट असायचे!"

तिघंही खो खो हसली. पण चिमट्याला काही ते पटलं नाही. तो पुन्हा पाटीकडे आणि पुन्हा डोंगराकडे बघत राहिला. बाकी एकही माणूस डोंगराकडे बघत नव्हता. लोक यायचे, पाटीला पाठ करून फोटो काढायचे आणि जायचे. पंतोजीच्या फोनवरही तेच झालं होतं. सकाळपासूनचे सगळे फोटो चिमट्याच्या जिभेचे आणि आजोबांच्या टोपीचे!

"तर मी आता निघतो," आजोबा काठी उचलत म्हणाले. "तुमची आत्या कालच म्हणाली, म्हातारीच्या पायथ्याची वाट सपाट आहे, म्हाताऱ्या माणसालाही जमेल. मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसाचं सोड, मला जमेल का ते सांग!"

"आत्या उद्या नेईल म्हणाली होती ना?" ठिणगीने विचारलं.

"आत्याला कशाला त्रास? डोंगर काय लपून बसलाय? समोर दिसतोय, नाव लिहिलंय, पाय शाबूत आहेत. डोंगर दाखवायला माणूस लागतो का कधी?"

हे ते आत्याला कालही म्हणाले होते आणि आत्या तडक भांडी आवरायला आत गेली होती. ठिणगीला आजोबांचं ते बोलणं आवडलं नव्हतं. आत्ताही आवडलं नाही. पण आजोबांना अडवणं म्हणजे उतारावरच्या बसला हात दाखवणं! आजोबा बुरुजाच्या पायऱ्या उतरले आणि काठाच्या रस्त्याने डाव्या हाताला, त्या दोन टोकांच्या डोंगराच्या दिशेने, तरातरा चालू लागले.

दुपारी मुलं आत्याच्या गटाबरोबर नावेत बसली. सरोवराच्या मधोमध एक बेट होतं आणि बेटावर पडका किल्ला. आत्या नावेच्या टोकाशी उभी राहिली आणि बोलू लागली. तिचा आवाज घरी असायचा त्याहून वेगळाच होता. भरदार, खणखणीत. तटबंदी कुणी बांधली, पाणी किती खोल आहे, वेढा पडला तेव्हा नावाड्यांच्या बायकांनी किल्ल्यावर धान्य कसं पोचवलं, ती सांगत गेली आणि नावेतली माणसं वल्ह्यांचा आवाजसुद्धा विसरून ऐकत राहिली.

"आपली आत्या भारी आहे हं," पंतोजी कुजबुजला.

"आजोबांनी ऐकायला हवं होतं," ठिणगी म्हणाली.

"आणि आता उजवीकडे बघा," आत्याने हात लांब केला. "पाठीत वाकलेला, पुढे टेकू दिल्यासारखा सुळका असलेला तो डोंगर. ती आमची म्हातारी! काठी टेकत सरोवरावर पाणी भरायला आली आणि तिथेच बसली, असं लहान मुलांना सांगतात."

चिमटा ताडकन उभा राहिला. नाव हलली.

"आत्या! ती म्हातारी? मग ते काय आहे?" त्याने डावीकडच्या दोन टोकांच्या डोंगराकडे बोट दाखवलं.

"ते जुळे. आधी बस पाहू खाली!"

"तरी मी म्हणत होतो! अंबाडा म्हणे!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पंतोजी डोळे मिटून पुटपुटू लागला. तो एकदा वाचलेलं कधी विसरत नसे. "पाटीवर म्हातारीचा बाण जुळ्यांकडे होता. जुळ्यांचा बाण होता त्या घोड्याच्या पाठीसारख्या डोंगराकडे. म्हणजे एखादं नाव चुकलेलं नाही. अख्खी पाटीच फिरलीय!"

"कुणी फिरवली?" ठिणगीचे डोळे चमकले. "आणि कशासाठी? काहीतरी काळंबेरं आहे!"

"खजिना!" चिमटा म्हणाला.

"नाव धक्क्याला लागली की सरळ गच्चीवर जायचं," ठिणगीने जाहीर केलं. "छडा लावल्याशिवाय घरी जायचं नाही."

पण नाव धक्क्याला लागायला आणि आत्याचा फोन वाजायला एकच गाठ पडली.

"हं बाबा, बोला. काय? मोठ्याने बोला! पाय? अहो, कुठे आहात?" आत्याने दुसऱ्या कानावर हात दाबला. "हॅलो? बाबा? हॅलो!"

फोन बंद झाला होता. पुन्हा लावला, पुन्हा लावला. लागेना.

"पाय मुरगळलाय. उभं राहता येत नाही म्हणाले," आत्या मुलांना म्हणाली. "म्हातारीच्या खाली, ओढ्याजवळ, मेंढपाळांच्या रिकाम्या झोपडीत आहेत. एवढं म्हणाले आणि चार्जिंग संपलं."

बचाव पथकाची कचेरी धक्क्यावरच होती. पथकाच्या प्रमुख बाई उंच, केस बारीक कापलेल्या, आणि एका वाक्यात काम होत असेल तर दुसरं न बोलणाऱ्या होत्या. त्यांनी आत्याचं ऐकलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि हुकूम सोडला, "नाव काढा. म्हातारी. स्ट्रेचर घ्या."

मग त्या आत्याला म्हणाल्या, "संध्याकाळी डोंगरावरून धुकं उतरतं, तुम्हाला माहीतच आहे. एकदा उतरलं की सकाळपर्यंत कुणी कुणाला शोधू शकत नाही. आणि वर थंडी मरणाची पडते. पण अजून वेळ आहे."

"प्रमुख बाई! चुकीच्या डोंगरावर चाललेत ते!" ठिणगी ओरडलीच.

नावेचं इंजिन सुरू झालं होतं. ठिणगीने एका दमात सगळं सांगितलं. पाटी, बाण, अंबाडा, सगळं. आजोबा म्हातारीकडे गेलेच नाहीत! पाटी ज्याला म्हातारी म्हणते त्या जुळ्यांकडे गेलेत!

प्रमुख बाई तिच्याकडे रोखून बघत राहिल्या. "म्हातारीखाली ओढा आहे असं मला आठवत नाही," त्या हळूच म्हणाल्या. त्यांनी टेबलावरचा फोन उचलला आणि बागेच्या साहेबांना लावला. गच्ची, बाग, तटबंदी, सगळं या साहेबांच्या ताब्यात होतं.

फोनमधून साहेबांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "पाटी चुकीची? आमची? अहो बाई, ती पाटी शंभर वर्षं जुनी आहे! मी स्वतः उभा राहून बसवून घेतलीय! पोरांच्या गोष्टी काय ऐकता!"

प्रमुख बाईंनी फोन ठेवला. "माझ्याकडे नाव एक आणि जीप एक. जीपने चार माणसं जुळ्यांकडे पाठवली आणि आजोबा म्हातारीवर निघाले, तर तिथे डोंगर धुंडाळायला माणसं कमी पडतील. डाव्या हाताला निघाले म्हणता, पण काठाचा रस्ता सरोवराला फेरी घालून म्हातारीकडेही जातो. साहेब एक म्हणतात, तुम्ही एक. मला खात्री पटेल असं काहीतरी आणा. पण लवकर."

त्यांनी 'जा, गप्प बसा' म्हटलं नाही. 'आणा' म्हटलं! तिघं वाऱ्यासारखी सुटली.

गच्चीच्या पायऱ्या चढता चढता चिमट्याला दम लागला. "आजोबांना थंडी वाजत असेल का गं?" त्याने विचारलं, आणि या वेळी त्याच्या बोलण्यात चिमटा नव्हता. ठिणगीने त्याचा हात धरला आणि त्याला जवळजवळ ओढतच वर नेलं.

वर पाहतात तो काय! खांबाभोवती दोरी बांधलेली आणि पाटीवर जाड कापड घालून गाठी मारलेल्या! शेजारी बागेचे साहेब कमरेवर हात ठेवून उभे. गोल गरगरीत, नवाकोरा कोट घातलेले. एक मुकादम रंगाचे डबे गोळा करत होता.

"साहेब, कापड काढा ना! फक्त मिनिटभर!" पंतोजी धापा टाकत म्हणाला.

"अजिबात नाही! उद्या मोठे पाहुणे येणार आहेत उद्घाटनाला. सकाळपासून लोकांनी बोटं लावून लावून पितळ काळं केलंय. आत्ताच पुसून घेतलीय."

"पण पाटी फिरलीय, साहेब! आमचे आजोबा..."

"म्हणजे ती फोनवरची पोरं तुम्हीच होय!" साहेबांचा आवाज चढला. "माझ्या कामात खोट काढता? एवढंसं वय आणि एवढी मोठी जीभ! चला, पळा इथून!"

ठिणगी पेटणारच होती. तिने तोंड उघडलंही. पण चिमट्याने तिचा पाय असा दाबला की तिच्या तोंडून नुसतं 'आई गं' बाहेर पडलं.

"साहेब, दादा-ताई असंच काहीतरी बोलतात हो," चिमटा गोड आवाजात म्हणाला. "मला तर ही गच्ची इतकी आवडली! आमच्या गावात असं काहीच नाही. हे सगळं तुम्ही एकट्याने केलंत?"

साहेब थबकले. "एकट्याने म्हणजे, माझ्या देखरेखीखाली."

"मग तुमचा व्हिडिओ काढूया ना! शाळेत सगळ्यांना दाखवीन. म्हणेन, हेच ते साहेब! पण पाटी झाकलेली असली तर काय मजा? पाटीशेजारी तुम्ही उभे, असं पाहिजे. नुसती पाटी काय, कुणीही दाखवेल!"

साहेबांनी कोटाच्या बाह्या नीट केल्या. केसांवरून हात फिरवला. मुकादमाकडे पाहिलं. "अहो, सोडा त्या गाठी. पोरांना शिकायला मिळतं. पण हात लावायचा नाही हं!"

कापड निघालं. पितळ लखलखलं. पंतोजीने फोन उभा धरला.

"साहेब, या पाटीत तुम्ही काय काय सुधारणा केली?" चिमट्याने बातमीदारासारखं विचारलं.

"चांगला प्रश्न!" साहेबांनी छाती पुढे काढली. "ही पाटी सहा बोल्टांवर बसते. पूर्वी काय व्हायचं, दरवाजातून माणूस आत आला की त्याला अक्षरं तिरकी दिसायची. मान वाकडी करून वाचावं लागायचं! इतक्या वर्षांत एकाच्याही लक्षात आलं नाही. मी म्हटलं, पाहुण्यांना अक्षरं सरळ दिसली पाहिजेत. मुकादमाला सांगितलं, एक भोक पुढे फिरवून बसव. झालं! आता बघा, कशी सरळ दिसतात!"

ठिणगीने दोन्ही हात तोंडावर दाबले. खजिना नाही, चोर नाही, काळंबेरं नाही. अक्षरं सरळ दिसावीत म्हणून या माणसाने सगळे डोंगर फिरवले होते!

"वा!" चिमटा म्हणाला. "आता शेवटचं. या बाणावर 'घंटाघर' लिहिलंय ना? त्या बाणाच्या दिशेने बोट दाखवून मोठ्याने सांगा ना, की हे आमचं घंटाघर."

साहेबांनी बाण पाहिला. बाणाच्या दिशेने रुबाबात हात लांब केला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसत म्हणाले, "आणि हे आमच्या शहराचं ऐतिहासिक घंटाघर!"

नेमक्या त्याच क्षणी पाचचे ठोके पडले. ठण्ण! ठण्ण! आणि ते आले साहेबांच्या पाठीमागून!

साहेबांनी मागे वळून पाहिलं. घंटाघर होतं तिथेच होतं, काठावर, घरांच्या मधोमध. मग त्यांनी आपल्या बोटाकडे पाहिलं. बोटाच्या समोर होतं नुसतं निळंशार पाणी आणि त्यात पोहणारं एक बदक.

मुकादमाच्या हातातला डबा खाली पडला.

"साहेब," तो पुटपुटला, "फिरवताना मला वाटलं होतं एकदा, विचारावं म्हणून."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात, अक्षरांकडे लक्ष दे."

पण हे ऐकायला मुलं तिथे होतीच कुठे? ती निम्म्या पायऱ्या उतरलीही होती. ठिणगी सर्वांत पुढे. तिची चप्पल तुटली, तशी ती हातात घेऊन अनवाणी धावली.

प्रमुख बाईंनी व्हिडिओ एकदाच पाहिला. 'एक भोक पुढे फिरवून' हे शब्द ऐकले, पाण्याकडे दाखवणारं साहेबांचं बोट पाहिलं, आणि वायरलेस तोंडाशी धरला.

"नाव, ऐका. म्हातारी सोडा. माघारी फिरा. जुळ्यांच्या धक्क्याला या. जीप काठाच्या रस्त्याने निघतेय. जुळ्यांच्या खालच्या ओढ्याकाठी मेंढपाळांची झोपडी आहे, तिथे पोचायचं." वायरलेस खाली ठेवून त्या आत्याला म्हणाल्या, "जुळ्यांच्या खाली ओढाही आहे आणि झोपडीही आहे. मीच आधी ओळखायला हवं होतं."

"आम्ही येऊ?" ठिणगीने विचारलं.

"नाही."

"पण आम्हीच तर..."

"तुमचं काम तुम्ही चोख केलंत. आता आमचं आम्हाला करू द्या." आणि दारातून बाहेर पडता पडता त्या म्हणाल्या, "पायात काहीतरी घाल. रक्त येतंय."

मग वाट बघणं आलं, आणि वाट बघण्यासारखं कठीण काम नाही! आत्या खिडकीशी उभी राहिली. मुलं बाकावर बसली. समोरच्या डोंगरांच्या माथ्यावर पांढरी पट्टी दिसू लागली. बघता बघता तिने घोडा डोंगर गिळला. मग जुळ्यांमधला मोठा दिसेनासा झाला. मग धाकटा.

"मी त्यांच्याबरोबर जायला हवं होतं," ठिणगी एकदम म्हणाली. "सकाळीच. चिमट्याने सांगितलं तेव्हा आपण सगळे हसलो."

"मीसुद्धा हसलो," चिमटा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

आत्या येऊन त्यांच्यामध्ये बसली. "आणि मी रागाच्या भरात त्यांना नीट दिशा सांगितली नाही. नुसतं म्हातारी म्हटलं आणि आत निघून गेले. आता गप्प बसा आणि माझे हात धरा."

चौघांनी एकमेकांचे हात धरले. पंतोजी भिंतीवरच्या सूचना वाचत होता, पण मनात. एकही अक्षर त्याच्या तोंडून बाहेर आलं नाही.

धुकं पाण्यावर पोचलं आणि वायरलेस खरखरला.

"कचेरी, ऐका. आजोबा सापडले. घोट्याला सूज आहे, गारठलेत, पण ठीक आहेत." मग काहीतरी झटापट ऐकू आली आणि एक ओळखीचा, जाडाभरडा आवाज कचेरीभर घुमला. "अरे, किती उशीर! इथे एक मेंढी सोडून बोलायला कुणी नाही!"

चिमटा बाकावरच नाचू लागला. पंतोजीने आयुष्यात पहिल्यांदा शिट्टी वाजवली. ठिणगी मात्र आत्याच्या कुशीत डोकं खुपसून ढसाढसा रडली, आणि नंतर म्हणाली की ते पायाच्या जखमेमुळे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर ही गर्दी! धुकं ओसरून सगळे डोंगर धुऊन ठेवल्यासारखे स्वच्छ दिसत होते. मोठे पाहुणे आले होते, नावाडी आले होते, बचाव पथक आलं होतं. आजोबा खुर्चीवर बसले होते, पाय पट्ट्यांत गुंडाळलेला आणि समोरच्या स्टुलावर ठेवलेला. आत्या त्यांच्या शेजारी उभी होती.

उद्घाटनाची फीत बांधलेली होती, पण पाटीचे सहाही बोल्ट काढून ठेवलेले होते. बागेचे साहेब पुढे आले. कालचाच कोट, पण आज गळ्यापाशी घट्ट झाल्यासारखा वाटत होता.

"मंडळी," त्यांनी घसा खाकरला, "मी भाषण लिहून आणलं होतं. ते मी वाचणार नाही. ही पाटी मी फिरवली. मी अक्षरं बघितली, डोंगर बघितले नाहीत. त्यामुळे एका माणसाचा जीव धोक्यात आला. या मुलांनी मला सांगितलं, तेव्हा मी त्यांच्यावर ओरडलो. चूक माझी आहे. मुकादमाची नाही, माझी." मग ते खाली वाकले आणि चिमट्याला म्हणाले, "व्हिडिओ शाळेत दाखवलास तरी चालेल."

"नाही दाखवणार," चिमटा म्हणाला. मग थोडा विचार करून म्हणाला, "फक्त बदकाचा भाग दाखवीन."

सगळी गच्ची हसली. साहेबही हसले.

"आता पाटी बसवायची," प्रमुख बाई म्हणाल्या. "बरोबर बसली की नाही हे ही मुलं ठरवतील."

चिमट्याने बाणाला डोळा लावला. पंतोजी एकेक नाव वाचू लागला. "घंटाघर!"

"थोडी उजवीकडे... अजून... आलं! घंटाघर!"

"घोडा!" "बरोबर!" "जुळे!" "दोन डोकी, बरोबर!" "म्हातारी!"

चिमट्याने मान वर केली. सरोवरापलीकडे, काठी टेकून, पाठीत वाकून, म्हातारी उन्हात बसली होती. "बरोबर," तो म्हणाला.

ठिणगीने पाना घेतला आणि बोल्ट आवळले. शेवटचा आवळताना तिने एवढा जोर लावला की मुकादम म्हणाला, "बस, ताई, आता ही पाटी भूकंपातही हलायची नाही!"

मग एक गंमत झाली. लोकांनी फोटो काढले नाहीत. एकेक जण पुढे येऊन पाटीवर वाकायचा, बाणावरून नजर न्यायचा आणि मान वर करून डोंगराकडे बघायचा. जन्मभर याच शहरात राहिलेला एक म्हातारा नावाडी कितीतरी वेळ तसाच वाकून उभा होता.

प्रमुख बाईंनी तिघांशी हात मिळवले. "मोठ्यांनी ऐकलं नाही म्हणून तुम्ही रुसून बसला नाहीत," त्या म्हणाल्या. "पुरावा आणलात. माझ्या पथकात असं काम करणारी माणसं मला हवी असतात. मोठी झालात की या." त्यांनी कुणाचं एवढं कौतुक केलेलं पथकाने पहिल्यांदाच ऐकलं असावं, कारण सगळे एकमेकांकडे बघू लागले.

मोठे पाहुणे आजोबांच्या खुर्चीजवळ आले. "कालचे तुम्हीच ना? तुमची ओळख?"

आजोबांनी काठीवर भार दिला. सगळे 'नको, नको' म्हणत असताना ते एका पायावर उभे राहिले. काठी खुर्चीला टेकवून एक हात त्यांनी ठिणगीच्या खांद्यावर ठेवला. दुसरा हात आत्याकडे केला आणि तिला जवळ ओढलं.

"मी या तिघांचा आजोबा," ते म्हणाले. "आणि या शहरात येणाऱ्यांना जी वाट दाखवते ना, तिचा मी बाप!"

आत्याचा दहा वाजताचा गट दरवाजाशी येऊन थांबला होता. तिने डोळे पुसले, घसा साफ केला आणि त्या खणखणीत आवाजात म्हणाली, "या, पुढे या. सुरुवात इथूनच करूया."

आजोबा खाली बसले, आणि सर्वांत पुढची जागा मिळाल्याच्या ऐटीत तिचं बोलणं ऐकू लागले.